शेव्यापर्यंत न पोचलेला पाऊस

मालतीवहिनींचं पत्र एप्रिलच्या अखेरीला आलं. मी उरणच्या शाळेत वार्षिक परीक्षेचे पेपर तपासत बसलो होतो. साधं पोस्टकार्ड, आणि त्याच्या डोक्यावर 'श्री' नव्हता. त्यामुळे वाचण्याआधीच निम्मं वाचून झालं. नीळकंठ भिडे, त्यांचे यजमान आणि माझा कॉलेजपासूनचा मित्र, गेला. पुण्याला, राहत्या घरी, सकाळचा चहा झाल्यावर, खुर्चीत बसल्या बसल्या. पन्नाशी नुकतीच ओलांडली होती. मी कार्ड गठ्ठ्याखाली सारलं आणि पुढचा पेपर ओढला. त्यानंतरच्या चार-पाच मुलांना मी बहुधा हक्काहून जास्त गुण दिले असावेत…

आठवड्याभरात आमच्या वाचनालयात शोकसभा झाली. नीळकंठ उरणचा नव्हता, पण वर्तमानपत्रात त्याच्यावर चार ओळी आल्या होत्या आणि त्यांत 'शास्त्रज्ञ' हा शब्द होता; तेवढ्यावर आमच्या गावात फोटोला हार पडतो. अध्यक्ष म्हणाले, कै. भिडे यांनी आधुनिक यंत्रांच्या साहाय्याने कोकणच्या आकाशातून पाऊस खाली आणला. माझ्या शेजारच्या गृहस्थांनी गंभीरपणे मान डोलावली. मी गप्प राहिलो, कारण शोकसभेत वस्तुस्थिती सांगणं असभ्यपणाचं समजतात. वस्तुस्थिती अशी, की नीळकंठने आयुष्यातली चांगली वर्षं खर्च केली ती खाली न आलेल्या पावसावर. आकाशात पडायला निघालेला आणि जमिनीवर कधीच न पोचलेला पाऊस… त्याचं काय होतं, कुठे होतं आणि किती होतं, एवढाच त्याचा प्रश्न होता. त्या प्रश्नाचं उत्तर निम्मं मुंबईत आणि निम्मं उरणशेजारच्या शेव्याच्या मिठागरात सापडलं. मिठागरातला निम्मा भाग मी डोळ्यांनी पाहिला आहे, तो सांगायला हवा.

आम्ही पुण्यात कॉलेजला एका खोलीत राहायचो. मी वाङ्मयाकडे, तो पदार्थविज्ञानाकडे. खोलीतली सगळी पुस्तकं माझी आणि सगळ्या उघडलेल्या वस्तू त्याच्या. माझं गजराचं घड्याळ त्याने दोनदा उघडलं आणि दोनदा पुन्हा जोडलं. दुसऱ्या खेपेला दोन स्क्रू उरले आणि घड्याळ आधीपेक्षा बरं चालू लागलं. युद्धात तो सैन्याच्या बिनतारी विभागात गेला, तिथे रडार शिकला. शत्रूची विमानं शोधणारं हे यंत्र मधूनच नसलेली विमानं दाखवायचं, आणि पुष्कळदा ती विमानं म्हणजे पाऊस निघायचा. बाकीचे वैतागायचे. नीळकंठला मात्र विमानापेक्षा तो व्यत्ययच जास्त आवडला. स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी मुंबईच्या ज्या कचेरीत त्याला हवामानाच्या रडारवर नेमलं तिचं नाव मी मुद्दाम देत नाही. कचेऱ्यांची स्मरणशक्ती माणसांपेक्षा चांगली असते.

मी तोवर उरणला मास्तर झालो होतो. एका एप्रिलमध्ये काही कामाने मुंबईला गेलो असताना त्याने मला ते रडार दाखवलं. अंधाऱ्या खोलीत एक गोल काच, तिच्यावर गोल फिरणारी हिरवी रेघ, आणि रेघ जिथून जाईल तिथे पाऊस असला तर उजळणारे डाग. खाडीपलीकडचा आमचा सगळा किनारा त्या काचेवर ताटाच्या कडेला वाढलेल्या चटणीएवढा दिसत होता. घाटाच्या बाजूने एक डाग सरकत आला आणि बरोबर उरण-शेव्यावर येऊन थांबला. चांगला दाट डाग. नीळकंठ आनंदला. मला म्हणाला, मास्तर, तुझ्या गावाला आधीच कळवू या. त्याने ट्रंक कॉल लावला, आमच्या पोस्टमास्तरांनी सायकलवर माणूस पिटाळला, आणि मिठागरावर निरोप पोचला, की पाऊस येतोय.

हे दिवस म्हणजे मीठ पिकण्याचे. खाडीचं पाणी उथळ वाफ्यांत घेऊन उन्हात आटवतात, तळाशी मीठ धरतं, आणि ते पुरतं तयार झाल्यावर ओढून त्याचे ढीग करतात. मध्येच पाऊस पडला तर वाफ्यातलं मीठ विरघळून जातं. म्हणून पाऊस येणार म्हटल्यावर माणसं धावत सुटतात आणि तयार-कच्चं न बघता मिळेल ते ओढतात. त्या दुपारी शेव्याच्या मिठागरावर बायकामाणसांनी कंबर मोडेस्तोवर कच्चं मीठ ओढलं. पाऊस आला नाही. संध्याकाळी आकाश धुतल्यासारखं स्वच्छ होतं. हाती उरलं ते ओलं, मळकट, कुणी हात लावणार नाही असं मीठ. पंधरा दिवसांचं ऊन फुकट गेलं.

हे कळल्यावर नीळकंठ दुसऱ्याच दिवशी सकाळच्या लाँचने माझ्याबरोबर भाऊच्या धक्क्यावरून उरणच्या मोरा बंदरात उतरला आणि मला घेऊन मिठागरावर गेला. माफी मागायला. सरकारी माणूस माफी मागायला आलेला तिथे कुणी पाहिला नव्हता, त्यामुळे आधी कुणाला तो विमा विकायला आलाय असं वाटलं. मिठागराचा मुकादम हशा म्हात्रे, काळाकभिन्न, उंच, पन्नाशीचा माणूस, त्याने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "कुठं बगला पाऊस तुमी?"

नीळकंठने सांगितलं, यंत्रावर. काचेवर दिसला.

"मंग काचंतच पडला आसंल," हशा म्हणाला, आणि आजूबाजूच्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या.

नीळकंठही हसला, पण आत कुठेतरी काहीतरी हललं. त्याने विचारलं, काल दुपारी आकाशात काय होतं? हशा म्हणाला, काय म्हणजे, पाऊस होता. लांबून झालर सोडल्यासारखा दिसत होता. मग एकदम गार वारा सुटला आणि सगळं गेलं. ही काही नवी गोष्ट नव्हे. "वाऱ्यानं पाऊस खाल्ला," तो म्हणाला. "पावसाळ्याच्या आदी दर साल व्हतं आसं."

मी नीळकंठला ओळखत असल्यामुळे त्याचा चेहरा तेव्हा कसा झाला ते मला कळलं. परतीच्या वाटेवर तो मला समजावत होता. मास्तर, धुतलेलं धोतर वाऱ्यावर टाकलं की वाळतं ना, तसा थेंब खाली येता येता वाळतो. खाली तुमची समुद्राची दमट हवा आहे, पण तिच्यावर घाटावरून आलेल्या कोरड्या हवेचा जाड थर आहे. थेंब त्यातून यायचा म्हणजे त्याने मरायचंच. आणि पाणी वाळताना हवेतली उष्णता ओढून घेतं, म्हणून ती हवा गार होते, जड होते, आणि खाली कोसळते. तो गार वारा! वारा पाऊस खात नाही. पाऊस मरतो तेव्हा वारा होतो. तो माणूस हे सगळं जाणतो, फक्त उलट्या बाजूने जाणतो. मी म्हटलं, तुमच्या कचेरीत कुणी जाणतं का? तो म्हणाला, कचेरीत रडारवर विश्वास आहे. आणि रडार कोणत्या उंचीवरचा पाऊस बघतंय हे विचारायची तिथे पद्धत नाही.

तिथून कामाला सुरुवात झाली. नीळकंठने कुठून कुठून जुने पर्जन्यमापक मिळवले आणि खाडीकाठाने सात ठिकाणी बसवले. जस्ताचं नरसाळं, त्याखाली डब्यात काचेची बाटली. सकाळी साडेआठला बाटलीतलं पाणी मोजपात्रात ओतायचं आणि वहीत आकडा लिहायचा. एक माझ्या शाळेच्या पटांगणात, एक हशाच्या मिठागरावर, बाकीचे असेच कुणाकुणाकडे. मुंबईत नीळकंठ रडारवर बसायचा. त्याच्याकडे आता दुसरीही काच होती, तीत ढग सुरीने उभा कापल्यासारखा दिसायचा. वरचा भाग दाट, आणि खालची कडा जमिनीच्या बरीच वर, फाटक्या पडद्यासारखी लोंबकळत. ती कडा कुठे संपते, त्या वेळी खालची हवा किती कोरडी आहे, आणि बाटलीत काय सापडतं, ह्या तिन्ही गोष्टी तो रोज एका कागदावर मांडायचा. एकदा मला म्हणाला होता, की रडार मोठ्या थेंबांची फार खुशामत करतं. एक मोठा थेंब असला की असंख्य बारीक थेंबांचा आवाज त्याला ऐकूच येत नाही. मी म्हटलं, मग ते कचेरीतच शोभतं.

महिन्या-दोन महिन्यांनी तो वह्या न्यायला यायचा. हशाच्या वहीत उन्हाळाभर ओळीने शून्यं. शून्याखेरीज काही नाही, पण प्रत्येक शून्य निगुतीने काढलेलं, कारण हशा लिहायला शिकला होता तो ह्याच वहीवर, माझ्या हाताखाली. नीळकंठ ती शून्यं बघून खूश व्हायचा आणि हशा खजील. मुंबईहून समुद्र ओलांडून येणाऱ्या माणसाला आपण दर वेळी रिकाम्या हाताने पाठवतो, हे त्याच्या मनाला लागत होतं. घरी आलेल्याला निदान गूळपाणी तरी मिळावं… आम्ही दोघं शिकलेले, दोघांनाही हे कळलं नाही.

तीन उन्हाळे असे गेले. मग मोठे साहेब आले.

हे नीळकंठचे वरिष्ठ. टाय लावून मिठागरावर आलेला पहिला आणि माझ्या माहितीप्रमाणे शेवटचा माणूस. त्यांच्या मनात एक समारंभ घाटत होता: मंत्री येणार, फीत कापणार, आणि जाहीर होणार की यापुढे गावोगाव पाऊस मोजायची गरज नाही, रडार मुंबईत बसून सगळ्या किनाऱ्याचा पाऊस सांगेल. ह्या सुंदर कार्यक्रमात नीळकंठची शून्यं आडवी येत होती. त्यांचं म्हणणं सरळ होतं: रडारला पाऊस दिसतो आणि वहीत शून्य असतं, त्या अर्थी मिठागरावरचा अडाणी मनुष्य बाटली बघतच नाही, घरात बसून शून्य लिहितो. नीळकंठ म्हणाला, या आणि स्वतः बघा. आदल्या दुपारी शेव्यावर दाट डाग दिसला होता. साहेब त्याच्याबरोबर पहिल्या लाँचने आले. नीळकंठला पुढच्या हंगामात रडार मिळणार की हे काम बंद होणार, ते त्या सकाळी ठरणार होतं. हशाला फक्त एवढंच ठाऊक होतं, की सायबांचे सायेब येताहेत.

साडेआठला डबा उघडला. बाटलीत पाणी होतं. मोजपात्रात तीन रेघांपर्यंत आलं.

साहेबांचा चेहरा उजळला. भिडे, बघा, रडार खरं बोलतं, असं ते इंग्रजीत म्हणाले आणि त्यांनी नीळकंठच्या खांद्यावर हात ठेवला. ते खरोखर खूश होते. सापडलेली चूक त्यांनी मोठ्या मनाने माफही केली असती. आकडा लिहा, सही करा, म्हणाले, आणि पुढच्या वर्षी रडार दुपारभर तुमचं.  नीळकंठने नरसाळ्यात वाकून पाहिलं, आतली धूळ तशीच होती. मग मोजपात्रात बोट बुडवून जिभेला लावलं.

"हे पावसाचं नाही," तो म्हणाला. "खारट आहे. विहिरीचं आहे."

मिठागराच्या कडेला एक विहीर होती. तिच्या पाण्याला तिथली माणसं गोडं पाणी म्हणत, कारण जन्मापासून तेच प्यायलेली. बाहेरच्या माणसाला त्यातला खार पहिल्या घोटाला कळायचा.  साहेबांनी विचारलं, कुणी ओतलं? हशा पुढे झाला. डोक्यावरची टोपी काढून त्याने हातात घेतली.

"मी वतलं. येवढं मोटं सायेब येनार, नि बाटली रिकामी… बरं न्हाय दिसत."

साहेबांना हवं होतं ते आयतंच मिळालं. ते म्हणाले, म्हणजे तीन वर्षांचा सगळा हिशोबच बनावट. मला वाटलं, संपलं. पाणी खरं मानलं तर नीळकंठचं म्हणणं खोटं ठरत होतं, आणि पाणी खोटं म्हटलं तर वही खोटी ठरत होती. नीळकंठ मात्र त्या उन्हात असा उभा राहिला जसा काही वर्गात फळ्यापाशी उभा आहे. त्याने शांतपणे सांगितलं, की ह्या माणसाला खोटं लिहून मला खूश करायचं असतं तर तो तीन वर्षं पाणीच ओतत आला असता, कारण मला पाणी हवंय अशीच त्याची समजूत होती. शून्यं लिहिताना त्याला लाज वाटत होती, आणि तरी त्याने ती लिहिली. "लाज वाटत असताना लिहिलेला आकडा," तो म्हणाला, "मी तुमच्या-माझ्या सहीपेक्षा खरा धरतो." मग त्याने वही घेतली, आणि त्या दिवशीच्या तारखेपुढे लिहिलं: पाऊस नाही.

पुढे त्याने जे केलं ते साहेबांनाही समजलं नाही आणि मला समजायला थोडा वेळ लागला. हशाच्या बाटलीची तिन्ही वर्षांची आकडेवारी त्याने लिहायला घेतलेल्या शोधनिबंधातून स्वतःच काढून टाकली. सातांत सगळ्यात चांगली तीच होती. म्हणाला, माझा विश्वास आहे, पण वाचणाऱ्याने माझ्या विश्वासावर का जावं? त्याने साहेबांकडे आणखी एक उन्हाळा मागितला. साहेबांनी अट घातली, की बाटलीपाशी खात्याचा माणूस बसला पाहिजे. खात्यात त्या उन्हात बसायला तयार माणूस एकच होता. त्याने रजा घेतली.

साहेब लाँचवर चढले, आणि नीळकंठ मागे राहिला. हशाच्या घरी आम्ही जेवलो. भाकरी, सुक्या बोंबलांचं कालवण. नीळकंठ देशस्थांसारखा तिखट आणि कोकणस्थांसारखा मोजून जेवायचा, आणि बोंबलाची सवय त्याला सैन्याने लावली होती. हशा वाढत होता, पण मान वर करत नव्हता. शेवटी नीळकंठच म्हणाला,

"हशादादा, मी मुंबईहून येतो तो रिकाम्या बाटलीसाठी. रिकामी असली की मला पंचपक्वान्न मिळालं. भरलेली दिलीत तर मी उपाशी."

हशाने मान वर केली. "रिकाम्या बाटलीपायी येता येवढ्या लांब?"

"होय."

"मंग सायेब, त्याला काय तोटा न्हाय," हशा म्हणाला. हशाची बायको चुलीपाशी हसली, आणि त्या घरात पुन्हा बोलणं सुरू झालं.

पुढचा मे महिना नीळकंठ शेव्यावर राहिला. मिठागराच्या खोपटात हवेचा कोरडेपणा मोजायला कोरडं आणि ओलं अशी दोन तापमापकं टांगून, डोक्याला पंचा गुंडाळून बसायचा. मुंबईत रडारवर त्याचा सहकारी होता. दोघांनी घड्याळं जुळवून घेतली होती आणि वेळ लिहून ठेवायची, मागाहून ताडून बघायची असं ठरलं होतं. मी रविवारी जायचो. अशाच एका रविवारी चारच्या सुमाराला पूर्वेकडून ढग आला आणि त्याच्या पोटातून पाऊस लोंबताना मी पाहिला; राखाडी, तिरपा, मधेच विरून गेलेला. नीळकंठ बांधावर जाऊन दोन्ही हात पसरून उभा राहिला. मग गार वारा आला, इतका गार की वाफ्यातल्या पाण्यावर शहारे उठले. त्याच्या चष्म्यावर एक थेंब पडला. तो मला दाखवायला त्याने चष्मा काढला, आणि मी जवळ पोचेपर्यंत थेंब वाळला होता. "बघितलंस?" तो म्हणाला. मी म्हटलं, नाही. त्याला तेच उत्तर हवं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाटली कोरडी होती, आणि आदल्या दिवशी वारा सुटला त्याच मिनिटाला मुंबईच्या काचेवर शेव्याच्या डोक्यावर दाट डाग होता. खालची कडा हवेत तुटलेली.

त्या उन्हाळ्याच्या जोरावर निबंध उभा राहिला आणि छापून आला. समारंभ झालाच; मंत्री आले, फीत कापली गेली, पण भाषणातलं गावोगावच्या बाटल्यांबद्दलचं वाक्य गाळलेलं होतं. एवढा विजय कचेरीत पुष्कळ मानतात. शेव्याला मिळालं ते जास्त उपयोगाचं होतं. पुढच्या हंगामापासून पोस्टात निरोप यायचा तो दोन तऱ्हेचा: "वर आहे, खाली नाही", म्हणजे मीठ ओढू नका, किंवा नुसतंच "ओढा". पहिल्यांदा "ओढा" आलं तेव्हा आकाशात फार काही दिसत नव्हतं, आणि मिठागरावर माणसं हशाच्या तोंडाकडे बघत राहिली. हशा फावडं घेऊन आधी स्वतः वाफ्यात उतरला. तासाभरात पाऊस बदाबदा कोसळला, तोपर्यंत ढीग झाकून झाले होते.

नंतर नीळकंठची पुण्याला बदली झाली, येणं कमी झालं. वर्षातून एकदा, मे महिन्यात, हशाची वही न्यायला तरी यायचा.

शोकसभेनंतरच्या सोमवारी मी सकाळी शेव्याला गेलो. हशा आता थकलाय, मुकादमकी मुलाकडे आहे, पण खोपटातून हलत नाही. मी बातमी सांगितली. त्याने टोपी काढली. मग विचारलं, वहीचे कागद आता कोण बघतं? मी खरं ते सांगितलं, की बहुधा कुणी नाही. पुण्याहून नीळकंठखेरीज वही मागायलाही कधी कुणी आलेलं नाही.

हशाने माझ्या मनगटाकडे पाहून वेळ विचारली. साडेआठ वाजत आले होते. तो गुडघ्यांवर हात टेकून उठला, बांधावरून सावकाश चालत गेला, डबा उघडला आणि बाटली घेऊन परत आला. माझ्यासमोर त्याने ती उलटी धरली, पाहुण्यापुढे ताट धरावं तशी, दोन्ही हातांनी. एक थेंब पडला नाही.

"जेवले सायेब," तो म्हणाला, आणि वही मागितली.